खडकावरची पाच गावं आणि पोहायची जागा: चिंक्वे तेर्रेचा इतिहास

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची लेखी आवृत्ती. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी ऐकलंत तसंच.)

आजच्या भागाचा प्रश्न अगदी साधा आहे. इटलीतल्या चिंक्वे तेर्रेला गेलं, तर समुद्रात पोहायचं कुठे?

नाव ओळखीचं वाटलं नाही तरी फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. काळसर कड्यावर एकावर एक चढून बसलेली गुलाबी, पिवळी, केशरी घरं आणि खाली निळंशार पाणी. रील्समध्ये, वॉलपेपरवर, ट्रॅव्हल कंपनीच्या जाहिरातीत, सगळीकडे तोच. आता तो फोटो डोळ्यांसमोर आणा आणि नीट बघा. घरं दिसतात, खडक दिसतो, पाणी दिसतं. पण वाळू कुठाय?

नाहीये. पाच गावं मिळून जिला बिनदिक्कत चौपाटी म्हणता येईल अशी जागा एकाच गावाला आहे. बाकीच्या गावांत लोक धक्क्यावरून उड्या मारतात, होड्या ओढायच्या उतारावर टॉवेल पसरतात, लोखंडी शिडीने पाण्यात उतरतात, नाहीतर गोट्यांवर तोल सांभाळत कसंबसं पाण्यापर्यंत पोचतात. आणि यातली प्रत्येक जागा तशी का आहे, याला कारण आहे. कुठे समुद्री चाचे, कुठे रेल्वे, कुठे पूर, तर कुठे कायदा. पोहायची जागा शोधायला निघालो की जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास हाताला लागतो. चला तर मग.

पाच गावं, एक कडा

आधी नकाशा डोक्यात बसवू. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे. जेनोवा हे त्याचं मोठं बंदर. तिथून किनाऱ्याने आग्नेयेला निघालं, की ला स्पेत्सिया शहराच्या अलीकडे ही पाच गावं लागतात. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. 'चिंक्वे' म्हणजे पाच आणि 'तेर्रे' म्हणजे भूमी, पण जुन्या वापरात या शब्दाचा अर्थ वस्ती असाही होता. म्हणून पाच वस्त्या.

इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. मध्ये सपाट जमीन अशी नाहीच. डोंगरातून ओढे खाली येतात आणि समुद्राला मिळतात, त्या चिंचोळ्या घळीत गावं वसली. रिओमाज्जोरे या नावातच 'मोठा ओढा' आहे. हा ओढा लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटाकडे तो परत येणार आहे, आणि चांगल्या कारणासाठी नाही.

या गावांचे उल्लेख अकराव्या शतकापासूनच्या कागदपत्रांत सापडतात. तेराव्या शतकाच्या अखेरीला हा सगळा पट्टा जेनोवाच्या सत्तेखाली गेला. जेनोवा म्हणजे त्या काळची दर्यावर्दी व्यापारी महासत्ता. पण सत्ता दर्यावर्दी असली, तरी या पाच गावांतल्या सामान्य माणसाचं पोट मुख्यतः डोंगरावर चालायचं.

समुद्राकडे पाठ

आपल्याला वाटतं, समुद्राकाठचं गाव म्हणजे मासेमारांचं गाव. इथे ते अर्धंच खरं आहे. इथल्या लोकांनी उभ्या डोंगरउताराला पायऱ्यांसारखे टप्पे पाडले आणि त्यावर द्राक्षाचे वेल लावले. प्रत्येक टप्प्याला आधार म्हणून दगडी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून रचलेली. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको, ते ज्याला गडगा म्हणतात तसलीच ही भिंत. फक्त इथे ती कुंपणाला नाही, तर अख्खा डोंगर धरून ठेवायला आहे.

ही द्राक्षाची दारू चांगलीच नावाजलेली होती. चौदाव्या शतकातल्या बोकाच्चोच्या 'देकामेरॉन'मध्ये एका धर्मगुरूचं पोट बरं करायला त्याला भाजलेला पाव आणि कोर्निलियाची दारू देतात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या गावाची ओळख पोहण्यासाठी नव्हती, वाइनसाठी होती.

मग समुद्राचं काय? समुद्र दोन गोष्टींसाठी होता. एक म्हणजे वाहतूक. डोंगरातल्या खेचरांच्या वाटा सोडल्या, तर माल न्यायचा रस्ता पाण्यातूनच. दुसरं म्हणजे मासे. विशेषतः मोंतेरोस्सोची अँकोव्ही. आपल्या मांदेलीच्या कुळातला हा छोटा मासा. रात्री होडीवर दिवा लावायचा, उजेडाला मासे जमले की जाळं टाकायचं, आणि मग मिठात मुरवून ठेवायचे. आजही मोंतेरोस्सोत ही अँकोव्ही अभिमानाने वाढतात.

आणि समुद्राची तिसरी ओळख म्हणजे भीती. सोळाव्या शतकात भूमध्य समुद्रात एकीकडे स्पेन आणि जेनोवा, दुसरीकडे ऑटोमन साम्राज्य आणि उत्तर आफ्रिकेतली बंदरं, अशी झुंज चालली होती. किनाऱ्यावरची गावं त्यात भरडली जायची. १५४९ च्या जुलैमध्ये ऑटोमन सरदार तुर्गुत रईस, ज्याला युरोपात द्रागूत म्हणत, त्याने याच किनाऱ्यावरच्या रापाल्लो गावावर रात्री छापा घातला आणि माणसं पकडून गुलाम म्हणून नेली. हे एकतर्फी होतं असं मात्र समजू नका. जेनोवाच्या गलबतांवरही पकडून आणलेले मुसलमान गुलाम साखळीला बांधून वल्ही मारत होते. दोन्हीकडच्या किनाऱ्यावरच्या आयाबहिणी क्षितिजावर शीड दिसलं की आधी पोरांना आत घेत असणार.

या भीतीच्या खुणा आजही गावांच्या बांधणीत दिसतात. वेर्नात्साच्या टोकावर दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज आहे. मोंतेरोस्सोत जुन्या आणि नव्या वस्तीच्या मधल्या टेकाडावर अव्रोरा बुरूज आहे. काम एकच, समुद्रावर नजर ठेवणं. घरं उंच आणि एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या अरुंद. कोर्निलिया तर समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर बसलेलं, खाली उतरायचंच नाही असं ठरवल्यासारखं.

आता पोहण्याचा विचार या चौकटीत करून बघा. पाण्यालगतची जी काही हातभर सपाट जागा होती, ती होड्यांची. उतारावरून होडी ओढायची, जाळी वाळत घालायची, पिंपं उतरवायची. मानारोलात तर जागा इतकी कमी, की होड्या यारीने उचलून वर गल्लीत ठेवतात. आजही तिथे घराच्या दारात स्कूटरऐवजी होडी उभी दिसते. अशा ठिकाणी कुणी 'उन्हात पडून राहायला' खाली येणं म्हणजे आपल्याकडे कुणी भर मार्केट यार्डात चटई टाकण्यासारखं. पोरं तेव्हाही उड्या मारत असतील, पोरं सगळीकडे मारतात. पण पोहणं ही मोठ्या माणसांनी सुट्टी घेऊन, पैसे खर्चून करायची गोष्ट आहे, ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती.

समुद्र नावाचं औषध

ती कल्पना जन्मली इंग्लंडमध्ये, आणि मजा म्हणून नाही, औषध म्हणून. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. गाठींच्या आजारावर समुद्रस्नान करा, आणि हो, ते पाणी प्यासुद्धा! श्रीमंत रुग्ण ब्रायटनच्या किनाऱ्यावर जमू लागले. चाकं लावलेल्या लाकडी खोलीत बसून पाण्यात जायचं, आणि थंडगार पाण्यात बुचकळून बाहेर यायचं. यात पोहणं कमी, डुबकी जास्त.

हे वेड हळूहळू दक्षिणेकडे सरकलं. इटलीत व्हियारेज्जोला १८२८ मध्ये स्नानगृहं उभी राहिली, रिमिनीला १८४३ मध्ये. पुरुषांची सोय वेगळी, बायकांची वेगळी. इथून एक नवीन गोष्ट सुरू झाली, जिचं नाव आपण पुढे पुन्हा घेणार आहोत. इटालियनमध्ये तिला 'स्ताबिलिमेंतो' म्हणतात. म्हणजे समुद्राकाठच्या जागेचा ताबा घेऊन तिथे कपडे बदलायच्या खोल्या, सावली आणि पाण्यात उतरायची सोय पैसे घेऊन देणारा धंदा.

याच सुमारास आपल्या पाच गावांच्या शेजारी एक शोकांतिका घडली. रिओमाज्जोरेच्या पुढे डोंगराचं टोक ओलांडलं की ला स्पेत्सियाचं आखात लागतं. तिथल्या सान तेरेन्त्सो गावात १८२२ च्या उन्हाळ्यात इंग्रज कवी शेली बायकोमुलासह समुद्राला लागून असलेल्या घरात राहत होता. त्याचा मित्र लॉर्ड बायरन पट्टीचा पोहणारा. १८१० मध्ये त्याने युरोप आणि आशिया यांच्या मधली हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली होती. तो पोर्तोवेनेरेच्या खडकांवरून निघून आखात पोहत शेलीला भेटायला गेला, अशी कथा तिथे सांगतात. पोर्तोवेनेरेतल्या त्या जागेला आजही बायरनची गुहा म्हणतात. कथा खरी असो वा नसो, पर्यटनाला ती चांगलीच लागू पडली.

शेलीचं मात्र उलट. समुद्राचं वेड अफाट, पण पोहता येत नव्हतं. ८ जुलै १८२२ ला लिवोर्नोहून होडीने परत येताना वादळात होडी बुडाली. शेली तीस वर्षांचाही नव्हता. काही दिवसांनी मृतदेह व्हियारेज्जोच्या बाजूला किनाऱ्याला लागला आणि साथरोगाच्या नियमांमुळे तिथेच वाळूवर त्याचं दहन झालं. पुढे या आखाताचं नावच 'कवींचं आखात' पडलं. जाहिरातीत हे नाव फार गोड वाटतं. त्यामागे पोहता न येणारा एक तरुण माणूस आहे, हे जाहिरातीत नसतं.

बोगद्यातून आलेली चौपाटी

इतकं सगळं शेजारी घडत असताना पाच गावं मात्र जिथल्या तिथे होती. कारण तिथे पोचायचं कसं? होडीने, नाहीतर पायी. हे बदललं १८७४ मध्ये. त्या वर्षी जेनोवा ते ला स्पेत्सिया रेल्वे पूर्ण झाली. कडे इतके उभे, की रूळ बराचसा वेळ बोगद्यांतच. आजही त्या गाडीत बसलात तर अंधार, मग खिडकीत दोन सेकंद निळा समुद्र, पुन्हा अंधार, असं चालतं.

रेल्वेने गावं जगाला जोडली, आणि पोहायच्या जागाही ठरवल्या. मोंतेरोस्सोचं स्टेशन झालं जुन्या गावाबाहेर, फेजीना नावाच्या भागात, थेट किनाऱ्यावर. पाच गावांतला वाळू आणि बारीक खड्यांचा लांब पट्टा नेमका तिथेच. गाडीतून उतरा, रस्ता ओलांडा, पाण्यात पाय घाला. मग शहरातल्या पैसेवाल्या कुटुंबांनी तिथे बंगले बांधले. त्यातलं एक कुटुंब जेनोवाचं, आडनाव मोंताले. त्या घरातला मुलगा एउजेनियो बालपणीचे उन्हाळे इथे घालवायचा. पुढे तो कवी झाला आणि १९७५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. त्याच्या कवितेतला खडक, ऊन, कोरडी भिंत आणि खवळलेलं पाणी हे सगळं या किनाऱ्याचं.

१९१० मध्ये फेजीनाच्या टोकाला एका बंगल्यासाठी समुद्रदेव नेपच्यूनचा प्रचंड पुतळा उभा केला. सुमारे चौदा मीटर उंच, सिमेंट काँक्रीटचा. आरिगो मिनेर्बी हा त्याचा शिल्पकार. खांद्यावर शिंपल्याच्या आकाराची गच्ची, आणि त्या गच्चीवर नाचगाणी. विचार करा, ज्या समुद्राकडे बुरुजावरून भीतीने बघत होते, त्याच्याच देवाच्या खांद्यावर आता पार्टी चालली होती. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आणि नंतरची वादळं यांनी पुतळ्याचे हात आणि गच्ची गेली. उरलेला 'जिगांते' अजून तिथेच आहे, आणि त्याच्या पायाशी लोक पोहतात.

बाकीच्या गावांना रेल्वेने वेगळंच दान दिलं. कोर्निलियाचं स्टेशन खाली समुद्राजवळ, गाव वर. मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. पोहून दमल्यावर त्या चढायच्या, हे ध्यानात ठेवून पोहा! पुढे रुळांची दुहेरी लाइन झाली तेव्हा काही जुने बोगदे सुटले. कोर्निलियाजवळच्या अशाच एका सोडलेल्या बोगद्यातून चालत गेलं, की गुवानोचा किनारा लागायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कपडे न घालता पोहणाऱ्यांचा किनारा म्हणून प्रसिद्ध झाला. कारण सरळ आहे. जिथे पोचायला अंधाऱ्या बोगद्यातून चालावं लागतं, तिथे बघे कमी येतात. नंतर बोगदा बंद झाला आणि दरडींनी बाकीचं काम केलं.

पण रेल्वेचा आणखी एक परिणाम झाला, जो फोटोत दिसत नाही. ला स्पेत्सियात १८६९ मध्ये नौदलाची मोठी गोदी सुरू झाली होती. रेल्वेने ती जवळ आली. दगड वाहून पाठ मोडण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, असा विचार गावच्या तरुणांनी केला, आणि त्यात चूक काय? पुढच्या शंभर वर्षांत डोंगरावरचे वेल एकेक करून सुटत गेले. वेल सुटला की भिंतीकडे बघणारं कुणी उरत नाही. आणि रचलेली भिंत ही दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागते.

पुराने दिलेला किनारा

आता तो ओढा. वेर्नात्साचा मुख्य रस्ता सरळ धक्क्याच्या चौकात उतरतो. दोन्ही बाजूंना दुकानं, आइस्क्रीम, टेबलं. हा रस्ता म्हणजे खरं तर ओढ्यावर टाकलेलं झाकण आहे. जागा कमी, म्हणून गावाने ओढा झाकला आणि वर रस्ता केला. मानारोला आणि रिओमाज्जोरेतही असंच.

२५ ऑक्टोबर २०११. त्या दिवशी या डोंगरांवर ढग अडकून बसला. आसपासच्या काही ठिकाणी एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. आपल्याला कोकणात हा आकडा ऐकायची सवय आहे, पण त्या डोंगराला नाही. ओढे फुगले, वरच्या सुटलेल्या टप्प्यांची माती, दगड, झाडं सगळं घेऊन खाली आले. झाकणाखालून जाण्याइतकी जागा पाण्याला नव्हती, म्हणून ते रस्त्यावरून आलं. वेर्नात्साचा मुख्य रस्ता काही ठिकाणी चार मीटरपर्यंत चिखलात गाडला गेला. तळमजल्यावरची दुकानं दिसेनाशी झाली. गाड्या समुद्रात वाहून गेल्या. रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद, त्यामुळे लोकांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. ज्या समुद्राची शतकानुशतकं भीती वाटली, त्या दिवशी धोका पाठीमागून डोंगरावरून आला आणि सुटकेची वाट समुद्रातून होती. वेर्नात्सातली तीन माणसं गेली. मोंतेरोस्सोतही जीव गेला. लिगुरिया आणि शेजारचा तोस्काना मिळून डझनभर माणसं या पुराने नेली.

पाणी ओसरल्यावर गावाने पाहिलं, की जुन्या वस्तीच्या दुसऱ्या बाजूला, खडकातल्या एका नैसर्गिक भोकापलीकडे, पुराने आणलेल्या दगडमातीचा नवा किनारा तयार झालाय. मग पर्यटक आले, त्यांनी फोटो काढले, आणि 'वेर्नात्साचा गुप्त बीच' म्हणून तो फिरू लागला. पुढे वरून दरड कोसळायचा धोका म्हणून तिथे जायला मनाईही झाली. तुमच्यापर्यंत असं एखादं रील आलं तर एवढं आठवा, की ज्या दगडावर तो माणूस आरामात पहुडलाय, तो दगड कुणाच्या तरी मळ्याची भिंत असू शकतो.

डोंगर असा का कोसळतो, यावर तिथे खूप काम झालं. पाऊस हे एक कारण. पण लक्ष न दिलेले टप्पे हे दुसरं. १९९७ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं, ते निव्वळ समुद्रासाठी नाही, तर माणसाने घडवलेल्या या डोंगरासाठी. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१८ मध्ये कोरडी भिंत रचायच्या कलेलाच युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण यादीतल्या नावाने भिंत उभी राहत नाही, त्याला हात लागतात. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'प्रेमाची वाट' म्हणून गाजलेली कड्यावरची पायवाट २०१२ मध्ये दरड कोसळून काही पर्यटक जखमी झाल्यावर बंद पडली, ती पूर्ण खुली व्हायला २०२४ उजाडलं. एका किलोमीटरच्या वाटेला बारा वर्षं!

किनारा कुणाचा?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इसवी सन ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात कायद्याचं एक पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात म्हटलंय, की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सगळ्यांच्या आहेत. किनारा म्हणजे कुठपर्यंत? तर हिवाळ्यातली सर्वात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. काय सुंदर मोजमाप आहे! सर्व्हेअर नको, दगड रोवायला नको, लाटच हद्द ठरवते.

आजच्या इटलीतही किनारा सरकारी, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे. १९४२ च्या नौकानयन संहितेत तसं स्पष्ट आहे. पण सरकार तो पट्टा खासगी धंद्याला वापरायला देऊ शकतं. तेच ते स्ताबिलिमेंतो. रंगीत छत्र्यांच्या रांगा, दोन खुर्च्या आणि एक छत्री, दिवसाचे इतके पैसे. अनेक परवाने वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे राहिले. लिगुरियात तर वाळूच्या किनाऱ्याचा बराच मोठा भाग असा छत्र्यांखाली गेलाय. २००६ च्या युरोपीय नियमानुसार हे परवाने खुल्या स्पर्धेने द्यायला हवेत. त्यावर कोर्टकज्जे झाले, निकाल लागले, आणि तरी मुदत पुढे ढकलत ढकलत आता सप्टेंबर २०२७ पर्यंत आणली आहे. त्याच वेळी इटलीचा कायदा हेही सांगतो, की पाण्यापर्यंत जाण्याची आणि तिथे पोहण्याची वाट परवानेवाल्याने कुणालाही अडवता येत नाही.

मोंतेरोस्सोत तुम्हाला दोन्ही दिसतं. छत्र्यांच्या रांगा, आणि मधल्या मोकळ्या जागा, ज्यांना 'स्प्याज्जा लिबेरा' म्हणतात. आणि बाकीच्या चार गावांत? तिथे छत्री रोवायला वाळूच नाही. मानारोलाच्या खडकावर कोण खुर्च्यांच्या रांगा लावणार? त्यामुळे ज्या गावांना निसर्गाने चौपाटी दिली नाही, तिथलं पाणी सगळ्यात फुकट राहिलं. गावची पोरं, हॉटेलात भांडी घासून दुपारी सुटलेला कामगार, आणि हजारो किलोमीटर दुरून आलेले तुम्ही, सगळे एकाच शिडीने उतरतात.

पण फुकटाची दुसरी बाजूही आहे. छत्र्यांच्या पट्ट्यावर जीवरक्षक असतो. खडकावर त्याचा भरवसा नाही.

मग पोहायचं कुठे?

इतकं ऐकल्यावर प्रश्नाचं उत्तर देऊनच टाकू.

पोहता येत नसेल किंवा बरोबर लहान मुलं, आईवडील असतील, तर मोंतेरोस्सो. उथळ पाणी, मोकळा पट्टा शोधा, पैसे द्यायचे नसतील तर द्यायची गरज नाही. वेर्नात्सात चर्चजवळ धक्क्याच्या आत छोटासा वाळूचा तुकडा आहे, तेवढ्यावर समाधान माना, आणि मनाईचा फलक असेल तिथे भोकापलीकडे जाऊ नका. मानारोला पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी. पाणी पहिल्या पावलाला खोल, आत शिरणं सोपं, बाहेर येणं अवघड. उतरण्याआधी शिडी कुठे आहे ते बघून ठेवा. रिओमाज्जोरेत धक्क्यापासून खडकाच्या कडेने गेलं की फोस्सोलाचा गोट्यांचा किनारा आहे. गोटे मोठे आणि गुळगुळीत, रबरी बूट असले तर पाय वाचतील. कोर्निलियाला समुद्रापेक्षा वाइनसाठी जा. सातशे वर्षांची परंपरा आहे, तुम्ही कशाला मोडता?

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी खास. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर-हातभर. त्यामुळे आपण 'ओहोटी आहे, चालेल' असा जो अंदाज बांधतो, तो तिथे उपयोगाचा नाही. तिथे बघायचा तो वारा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला ते 'लिबेच्चो' म्हणतात. तो सुटला की आकाश निरभ्र असूनही लाटा थेट कड्यावर आपटतात, आणि आपटून परत येणारी लाट माणसाला खडकावर घासते. लाल झेंडा दिसला, किंवा गावचं एकही पोर पाण्यात दिसत नसेल, तर तुम्हीही उतरू नका. दुसरं, खडकाच्या कपारीत सी अर्चिन नावाचे काळे काटेरी गोळे असतात, आणि कधीकधी जांभळट जेलीफिश येतात. पाय कुठे ठेवताय ते बघा. गावांच्या दोन्ही बाजूंना, पुंता मेस्को आणि कापो मोंतेनेरो इथे, सागरी संरक्षित क्षेत्राचे सर्वात कडक पट्टे आहेत. तिथे जायचंच नाही.

आणि एक काम करा. पोहून झाल्यावर खडकावर बसाल तेव्हा समुद्राकडे पाठ करून जरा वर डोंगराकडे बघा. त्या टप्प्यांपैकी कुठले हिरवे, नीट छाटलेले आहेत आणि कुठले झुडपांनी भरलेत, ते दिसेल. संध्याकाळी जेवताना तिथल्या द्राक्षाची वाइन मागवा, पीत नसाल तर तिथली मिठातली अँकोव्ही किंवा लिंबं घ्या. तुमचे चार पैसे भिंत रचणाऱ्या हातांपर्यंत पोचले, तर तो डोंगर जागेवर राहील. आणि डोंगर जागेवर राहिला, तरच खालचा धक्का, शिडी आणि उडी मारायचा खडक राहील.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. जाता जाता तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या गावात पोरं पोहायला कुठे शिकतात किंवा शिकायची? विहीर, नदीचा डोह, खाडी, तळं? आणि ती जागा आज आहे का, की तिच्यावरही कुणी झाकण टाकलं? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टी आल्या तर एक अख्खा भाग त्यावरच करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर, पोहायला येत नसेल तर शिकून घ्या.